यंत्राचे दप्तर आणि माणसाची साक्ष

ज्याच्या हाती दप्तर, त्याच्या हाती सत्ता. हे आपल्या समाजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. गावच्या दप्तरात आणि सावकाराच्या चोपडीत काय लिहिले आहे हे ज्याला वाचता येत नव्हते, त्याने कागदावर अंगठा उठवला आणि पुढच्या पिढ्यांनी त्या अंगठ्याचे देणे फेडले. महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये लेखणीच्या या जुलमाची झाडाझडती घेतली. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले तेव्हा त्यांचा रोख सावकाराच्या कर्जरोख्यांवर होता. हाती आलेले कागद त्यांनी जाळले. ज्यांना अडाणी म्हणून हिणवले जात होते, त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती. आपल्याला बांधणारा दोर त्या कागदांत आहे.

आता प्रश्न असा, की दप्तर लिहिणारा हात माणसाचा न राहता यंत्राचा झाला, तर ही सत्ता नाहीशी होते काय? यंत्राला जात नाही, नातेगोते नाही, लोभ नाही. तेव्हा यंत्राचा हिशेब निष्पक्ष, असे सुशिक्षित वर्ग मोठ्या विश्वासाने सांगतो. आपल्यातलेही काही तरुण कार्यकर्ते असेच मानतात. त्यांच्या या मानण्यामागे अनुभव आहे. माणसाच्या पक्षपाताने पोळलेला समाज यंत्राकडे आशेने पाहणारच. पण आशा तपासून घ्यावी लागते. म्हणून प्रस्तुत लेखात ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसात १९९९ नंतर घडलेला इतिहास मांडला आहे. कायद्याचे राज्य म्हणून ज्या देशाचा दाखला जगाला दिला जातो, त्या देशात एका सदोष सॉफ्टवेअरच्या शब्दावर ९०० हून अधिक माणसांना गुन्हेगार ठरवण्यात आले. त्यांच्यावर हे कसे ओढवले, त्यांना भरपाई काय मिळाली आणि जबाबदारी कोणावर पडली, हे आपण पाहिले पाहिजे.

१. करार आणि यंत्र

ब्रिटनमधील बहुतेक पोस्ट कार्यालये पगारी सरकारी नोकर चालवीत नाहीत. खेड्यातला किंवा शहरातल्या एखाद्या वस्तीतला दुकानदार आपल्या दुकानाच्या कोपऱ्यात पोस्टाची खिडकी चालवतो. त्याला सबपोस्टमास्तर म्हणतात. तिकिटे, पेन्शन, बिले, बचत खाती असा सारा व्यवहार त्याच्या हातून होतो. नोकराचे संरक्षण त्याला नसते, कारण तो कराराने बांधलेला स्वतंत्र व्यावसायिक. पुष्कळ कुटुंबांनी आयुष्याची पुंजी घालून, घर गहाण टाकून अशी दुकाने घेतली. त्यांत भारतीय उपखंडातून आणि पूर्व आफ्रिकेतून तेथे गेलेली कुटुंबेही होती.

करारात एक कलम होते. सबपोस्टमास्तरच्या निष्काळजीपणामुळे, हलगर्जीपणामुळे किंवा चुकीमुळे तूट आली तर ती त्याने भरून द्यावी. वाचायला हे न्याय्य वाटते. पण व्यवहारात पोस्ट ऑफिसने त्याचा अर्थ असा केला की तूट दिसली म्हणजे ती सबपोस्टमास्तरचीच. ती कशाने आली हे त्याने सिद्ध करावे, नाहीतर पैसे भरावेत.

या व्यवस्थेत 'होरायझन' नावाचे संगणकीय हिशेबयंत्र आले. त्याचा जन्मही सरळ झाला नव्हता. १९९६ मध्ये आयसीएल या कंपनीच्या गटाला मूळ कंत्राट मिळाले ते मुख्यतः पेन्शन व सरकारी भत्ते कार्डाने वाटण्यासाठी. आयसीएल ही पुढे पूर्णपणे जपानच्या फुजित्सु कंपनीची झाली. काम रखडत गेले, खर्च वाढत गेला आणि १९९९ मध्ये भत्ते वाटणारे सरकारी खाते या योजनेतून बाहेर पडले. एवढे पैसे ओतलेली योजना बुडाली असे कबूल करणे कोणालाच परवडणारे नव्हते. तेव्हा उरलेले यंत्र पोस्टाच्या हिशेबासाठी वापरायचे ठरले आणि १९९९ पासून ते हजारो कार्यालयांत बसवण्यात आले. जुनी वही गेली. सबपोस्टमास्तरला आपल्या व्यवहाराची जी साखळी पूर्वी स्वतःच्या हाताने तपासता येत होती, ती आता पडद्याआड गेली.

२. तूट

संध्याकाळी पेटीतली रोकड मोजायची आणि यंत्राने दाखवलेल्या आकड्याशी ताळा घ्यायचा, हा रोजचा प्रघात. अनेक ठिकाणी हा ताळा जुळेना. कधी शंभर पौंडांचा फरक, कधी हजारांचा. रक्कम दुरुस्त करायला जावे तर काही वेळा ती दुप्पट व्हायची. मदतीसाठी फोन केला तर पलीकडून पुष्कळांना एकच उत्तर मिळत असे: अशी तक्रार करणारे तुम्ही एकटेच आहात.

या एका वाक्यात मोठे राजकारण आहे. शोषित माणसाला आधी एकटे पाडावे लागते. आपल्यासारखे दुसरे आहेत हे त्याला कळले की त्याची लाज संपते आणि तो प्रश्न विचारू लागतो. त्यामुळे शेकडो ठिकाणी एकाच वेळी उठणारी तक्रार प्रत्येकाला स्वतःचे खाजगी पाप वाटत राहील, अशी व्यवस्था झाली. कोणी हे ठरवून केले किंवा सवयीने घडले, या वादात शिरण्याचे कारण नाही. परिणाम तोच झाला.

पुढची पायरी याहून घातक होती. हिशेबाची मुदत संपली की यंत्राने दाखवलेला आकडा मान्य केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी खिडकी उघडता येत नसे. पैसे पदरचे भरा, नाहीतर ताळा जुळला असे नोंदवा. २००५ नंतर तर वादातली रक्कम बाजूला काढून ठेवण्याची सोयही काढून घेण्यात आली. ज्यांनी दुकान चालू ठेवण्यासाठी ताळा जुळल्याची नोंद केली, त्यांच्यावर नंतर खोटे हिशेब लिहिल्याचा गुन्हा दाखल झाला. आधी माणसाला सही करायला भाग पाडायचे आणि मग तीच सही त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे करायची, ही रीत आपल्या वाचकांना नवी वाटणार नाही. अंगठ्याच्या जागी यंत्राची कळ आली, एवढाच फरक.

३. फिर्यादीच तपासनीस

इंग्लंड-वेल्समध्ये खाजगी व्यक्तीला किंवा संस्थेला फौजदारी खटला चालवता येतो. या जुन्या अधिकाराचा आधार घेऊन पोस्ट ऑफिस स्वतःच खटले भरत असे. पैसे गेले म्हणून फिर्याद करणारे तेच, छापा घालणारे तेच, आरोपीची जबानी घेणारे तेच आणि न्यायालयात वकील उभा करणारेही तेच. यंत्र त्यांचेच. यंत्राविषयी साक्ष देणारा तज्ज्ञ यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा. सुमारे ७०० खटले पोस्ट ऑफिसने स्वतः चालवले. मात्र स्कॉटलंडमध्ये आणि इतरत्र सरकारी अभियोक्त्यांनी चालवलेल्या खटल्यांतही निर्दोष माणसे दोषी ठरली, ही गोष्ट विसरता कामा नये. यावरून दिसते की रोगाचे मूळ खटला चालवणाऱ्याच्या हेतूहून खोल होते. ते पुराव्याच्या नियमात होते.

हा नियम नीट समजून घेतला पाहिजे. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्यात ६९ वे कलम होते. संगणकातून निघालेला कागद पुरावा म्हणून दाखल करायचा तर तो संगणक योग्य रीतीने चालत होता हे दाखवण्याची जबाबदारी कागद दाखल करणाऱ्यावर होती. १९९७ मध्ये तेथील विधी आयोगाने ही अट निरुपयोगी व जाचक ठरवली. १९९९ च्या कायद्याने ती रद्द झाली आणि २००० पासून जुने गृहीतक लागू झाले: विरुद्ध पुरावा नसेल तर यंत्र बरोबर चालत होते असेच धरावे. यंत्र आले आणि यंत्राला जाब विचारणारे कलम गेले. दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आगेमागे घडल्या.

विरुद्ध पुरावा आणायचा कोणी? आरोपीने. तो होता कुठे? फिर्यादीच्या कोठारात. यंत्रात कोणते दोष सापडले, कोणत्या दुरुस्त्या झाल्या, याच्या नोंदी फुजित्सु आणि पोस्ट ऑफिसजवळ होत्या. खेड्यातला दुकानदार त्या मागणार कशा, आणि काय मागायचे हे तरी त्याला कसे कळणार?

येथे आपल्या इतिहासातील एक दाखला उपयोगी पडतो. सुप्याच्या उठावानंतर १८७९ मध्ये इंग्रज सरकारला दख्खन शेतकरी मदत कायदा करावा लागला. त्यात न्यायालयाला अशी मुभा दिली गेली की रोख्यावरचा आकडा अंतिम न मानता त्या व्यवहाराचा मागचा सारा इतिहास उकरून पाहावा. मूळ कर्ज किती, व्याज किती, फेड किती, हे तपासावे. सावकाराने पावती द्यावी, हिशेब द्यावा, अशीही तरतूद होती. कायदा अपुरा होता, त्यातून पळवाटाही निघाल्या. तरी बलवानाच्या चोपडीकडे संशयाने पाहिले पाहिजे, हे तत्त्व त्याने मान्य केले होते. जे तत्त्व इंग्रज राज्याने दख्खनच्या कुणब्यासाठी १८७९ मध्ये पत्करले, ते इंग्लंडनेच २००० साली स्वतःच्या नागरिकांसाठी सोडून दिले होते.

४. तीन माणसे

उत्तर इंग्लंडमधील ब्रिडलिंग्टनचे ली कॅसलटन यांच्या हिशेबात सुमारे २५,००० पौंडांची तूट दिसली. त्यांनी मदतीसाठी नव्वदाहून अधिक वेळा फोन केले. पोस्ट ऑफिसने त्यांच्यावर दिवाणी दावा लावला. वकील परवडेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले आणि २००७ मध्ये हरले. पोस्ट ऑफिसच्या खर्चापोटी ३,२१,००० पौंड त्यांच्यावर बसले आणि त्यांचे दिवाळे निघाले. पंचवीस हजारांसाठी तीन लाखांचा खर्च करण्यामागे वसुलीचा हेतू असू शकत नाही. यंत्राविरुद्ध पुन्हा कोणी बोलू नये, यासाठी मोजलेली ती किंमत होती.

हॅम्पशायर परगण्यातील एका खेड्यात दुकान चालवणाऱ्या जो हॅमिल्टन यांच्यावर ३६,००० पौंडांच्या चोरीचा आरोप आला. तुरुंग टाळायचा तर खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा, पैसे भरा आणि होरायझनला दोष देऊ नका, अशी तडजोड त्यांच्यापुढे ठेवली गेली. त्यांनी ती पत्करली. घरावर कर्ज काढले, गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. गुन्हा कबूल केला म्हणजे गुन्हा केलाच असला पाहिजे, असे मानणाऱ्या मध्यमवर्गीय मनाने या कबुलीकडे पुन्हा एकदा पाहावे. भीती आणि कर्ज यांच्या चिमट्यात सापडलेला माणूस काहीही कबूल करतो.

तिसऱ्या, भारतीय वंशाच्या सीमा मिश्रा. सरे परगण्यातील वेस्ट बायफ्लीट येथे त्यांचे पोस्ट होते. त्यांनी ७४,००० पौंडांची चोरी नाकारली आणि होरायझनवर बोट ठेवले. यंत्राची माहिती त्यांच्या वकिलांनी पुन्हा पुन्हा मागितली. हिशेब बिघडवणाऱ्या एका दोषाची चर्चा त्याच २०१० साली पोस्ट ऑफिस व फुजित्सु यांच्या माणसांत झाली होती. ज्युरीपुढे ती आली नाही. ११ नोव्हेंबर २०१० रोजी त्यांना १५ महिन्यांची शिक्षा झाली. त्या गरोदर होत्या आणि त्या दिवशी त्यांच्या मोठ्या मुलाचा दहावा वाढदिवस होता. स्थानिक वृत्तपत्राने 'गरोदर चोर' म्हणून त्यांची नालस्ती केली, पतीला मारहाण झाली. दुसरे मूल झाले तेव्हा पायात पाळतीचा पट्टा होता. निकालानंतर पोस्ट ऑफिसच्या एका वकिलाने सहकाऱ्यांना ईमेलने कळवले की बचाव पक्षाचा एकूण एक मुद्दा आपण धुळीस मिळवला आहे आणि होरायझनच्या नावाने ओरडणाऱ्या इतर आरोपींना यामुळे जरब बसेल. न्यायालयातला विजय हा सत्याचा विजय असतो, या समजुतीला हे एक पत्र पुरेसे उत्तर आहे.

५. वर्णाचा रकाना

२०२३ मध्ये माहिती अधिकाराखाली पोस्ट ऑफिसचा एक अंतर्गत दस्तऐवज बाहेर आला. २००८ ते २०११ या काळातला हा कागद संशयितांची नोंद करणाऱ्या तपासनिसांसाठी होता. त्यात संशयिताचा वंश नोंदवण्यासाठी जे रकाने होते, त्यांत काळ्या माणसांसाठी गुलामगिरीच्या काळातला हीन शब्द छापलेला होता, आणि 'भारतीय-पाकिस्तानी प्रकार' असाही एक रकाना होता. पोस्ट ऑफिसने माफी मागितली.

माफी मागून रकाना पुसता येतो. तो रकाना आखणारे मन पुसता येत नाही. गुन्हा ठरण्याआधी माणसाचा 'प्रकार' ठरवायचा, ही पद्धत आपल्याला फार चांगली ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी येथील जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या, त्यांना सोलापूरसारख्या ठिकाणी सेटलमेंटच्या तारेत कोंडले. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण गावात चोरी झाली की पोलिसांची पावले अजून कोणत्या पालाकडे वळतात, हे सांगायला नको.

तरीही येथे सरधोपट समीकरण मांडू नये. ब्रिटनमध्ये भरडले गेलेले अनेक जण गोरे होते. ते गावातले प्रतिष्ठित होते, राज्यसंस्थेवर श्रद्धा असणारे होते. अस्पृश्यतेशी त्यांच्या दुःखाची तुलना करणे दोन्ही दुःखांवर अन्याय करणे होईल. शिकायचे ते वेगळेच आहे. ज्यांच्यामागे प्रतिष्ठा होती, वर्तमानपत्रे होती, खासदार होते, त्यांनासुद्धा न्यायासाठी वीस वर्षे झगडावे लागले. मग ज्याच्यामागे यांतले काहीच नाही, त्याचे काय?

६. एकटे नाही

वेल्समधील लँडुड्नो येथील अ‍ॅलन बेट्स यांनी न समजणारी तूट भरून द्यायला नकार दिला, म्हणून २००३ मध्ये त्यांचा करार संपवण्यात आला. ते गप्प बसले नाहीत. मे २००९ मध्ये 'कॉम्प्युटर वीकली' या नियतकालिकाने सात सबपोस्टमास्तरांच्या हकिकती छापल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन या खेड्यातील सभागृहात हे पीडित लोक प्रथमच एकत्र बसले आणि त्यांची संघटना उभी राहिली. 'तुम्ही एकटेच आहात' हे वाक्य त्या दिवशी खोटे ठरले. न्यायालयाला ते खोटे ठरवायला आणखी दहा वर्षे लागली.

दबाव वाढला तेव्हा पोस्ट ऑफिसने २०१२ मध्ये 'सेकंड साइट' या हिशेब तपासनिसांना नेमले. त्यांच्या २०१३ च्या अंतरिम अहवालात यंत्रातले दोष नमूद झाले. त्याच जुलैत पोस्ट ऑफिसच्या स्वतःच्या एका बॅरिस्टरने लेखी सल्ला दिला की फुजित्सुच्या ज्या तज्ज्ञाच्या साक्षीवर खटले उभे आहेत, त्याने माहीत असलेले दोष न्यायालयापासून दडवले. त्याच्यावर विसंबता येणार नाही. म्हणजे २०१३ च्या मध्यापासून संस्थेच्या कपाटात सत्य लेखी स्वरूपात होते. तरी पुढची सहा वर्षे संस्था यंत्र भक्कम असल्याचे सांगत राहिली. फुजित्सुची माणसे दुरून शाखेच्या हिशेबात हात घालू शकतात, हेही ती दीर्घकाळ नाकारत राहिली.

शेवटी बेट्स आणि इतर मिळून ५५५ जणांनी सामूहिक दावा लावला. न्यायमूर्ती फ्रेझर यांनी मार्च २०१९ मध्ये कराराविषयी आणि डिसेंबर २०१९ मध्ये यंत्राविषयी निकाल दिला. यंत्रात दोष होते, त्यांमुळे तूट दिसत होती, आणि हे नाकारत राहणे म्हणजे पृथ्वी सपाट आहे असे म्हणण्यासारखे, असे त्यांनी सुनावले. डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या ६ शिक्षा रद्द झाल्या. २३ एप्रिल २०२१ रोजी अपील न्यायालयाने आणखी ३९ जणांच्या शिक्षा रद्द केल्या. त्यांत जो हॅमिल्टन आणि सीमा मिश्रा होत्या. हे खटले चालवणे हाच सार्वजनिक सदसद्विवेकाचा अवमान होता, असा निर्वाळाही न्यायालयाने दिला.

बाकीच्या शेकडो लोकांना मात्र जानेवारी २०२४ पर्यंत वाट पाहावी लागली. त्या महिन्यात या विषयावरची नाट्यमालिका दूरचित्रवाणीवर आली, देश हळहळला आणि मे २०२४ मध्ये संसदेने खास कायदा करून उरलेल्या शिक्षा एकगठ्ठा रद्द केल्या. स्कॉटलंडने स्वतंत्र कायदा केला. निकालपत्रे चार वर्षे बोलत होती, तेव्हा सरकार हलले नाही. नाटक बोलले तेव्हा हलले. साहित्याचा समाजाशी संबंध काय, असे विचारणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

७. भरपाई

२०१९ च्या तडजोडीत पोस्ट ऑफिसने ५ कोटी ७७ लाख ५० हजार पौंड दिले. त्यातले सुमारे ४ कोटी ६० लाख वकील आणि दाव्याला पैसा पुरवणारे यांच्याकडे गेले. ५५५ जणांच्या वाट्याला माणशी सरासरी २०,००० पौंडांच्या आसपास रक्कम आली. ज्यांनी लढा दिला तेच सर्वांत कमी घेऊन घरी गेले, कारण नंतर निघालेल्या सरकारी योजनेतून त्यांना तडजोड झाल्याचे कारण देऊन वगळण्यात आले होते. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये वेगळी योजना जाहीर करावी लागली.

ज्यांना शिक्षा झाली नव्हती पण ज्यांनी पदरचे पैसे भरले होते, त्यांच्यासाठी २०२० मध्ये योजना आली. ती चालवायला दिली कोणाला? पोस्ट ऑफिसलाच. ज्याने लुबाडले त्याच्याच दारी अर्ज घेऊन जायचे, आणि वीस वर्षांपूर्वीच्या नुकसानीचे कागद त्यालाच दाखवायचे. छाप्यात ज्यांचे कागद नेले गेले, दुकान गेले, घर गेले, त्यांनी पावत्या आणायच्या कोठून? पुढे ठोक रकमा ठरल्या. शिक्षा रद्द झालेल्यांना ६ लाख पौंड किंवा तपशीलवार मोजणी. इतरांना ७५,००० पौंड किंवा मोजणी. २०२५ च्या मध्यापर्यंत सर्व योजनांतून १ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम वाटली गेली. ही रक्कम मुख्यतः सरकारी तिजोरीतली, म्हणजे जनतेची. फुजित्सुने जानेवारी २०२४ मध्ये भरपाईत वाटा उचलण्याची आपली नैतिक जबाबदारी असल्याचे मान्य केले. मात्र आकडा चौकशी संपल्यावर ठरेल, अशी भूमिका घेतली.

पैसा महत्त्वाचा आहे. 'पैशाने काय होते' हे वाक्य पोट भरलेल्याच्या तोंडी शोभते. पण कोणत्या नात्याने दिला जातो यावर पैशाचा अर्थ ठरतो. राज्याने चुकीची शिक्षा दिली तर ते राज्याचे ऋण असते. ऋण फेडणाऱ्याने धनकोची झडती घ्यायची नसते. ब्रिटनमध्ये नेमके तेच झाले. पुराव्याचे जे ओझे खटल्यात निर्दोष माणसाच्या खांद्यावर होते, तेच भरपाईच्या अर्जातही त्याच्याच खांद्यावर राहिले. दप्तर बदलले नाही. फक्त रकान्याचे नाव बदलले.

८. जबाबदार कोण?

निवृत्त न्यायाधीश सर विन विल्यम्स यांच्या चौकशीच्या अहवालाचा पहिला खंड जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. किमान १३ जणांच्या आत्महत्यांचा या प्रकरणाशी संबंध असावा, असे त्यात नमूद आहे. तोवर भरपाईला पात्र लोकांची संख्या दहा हजारांच्या घरात गेली होती. पोलिसांचा तपास चालू होता. पण त्या दिवसापर्यंत एकाही अधिकाऱ्यावर खटला उभा राहिला नव्हता. २०१२ ते २०१९ या काळात पोस्ट ऑफिसच्या प्रमुख असलेल्या पॉला व्हेनेल्स यांना २०१९ च्या आरंभी राजाश्रयाचा किताब मिळाला. तो फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेण्यात आला. किताब जाणे ही शिक्षा मानायची काय, हे ज्यांनी तुरुंगात वाढदिवस काढले त्यांना विचारावे.

अशा प्रकरणी जबाबदारी पातळ होत होत नाहीशी होते. अभियंता म्हणतो, मला विचारले तेवढे सांगितले. वकील म्हणतो, तज्ज्ञाने सांगितले. अधिकारी म्हणतो, वकिलाने सांगितले. मंत्री म्हणतो, पोस्ट ऑफिस स्वतंत्र आहे. आणि सगळे मिळून म्हणतात, यंत्राने सांगितले. यंत्राला तुरुंगात घालता येत नाही. म्हणूनच ते सर्वांत सोयीचे साक्षीदार असते. पूर्वी देवाच्या नावाने जे खपत होते ते आज यंत्राच्या नावाने खपवता येते, कारण दोघांचीही उलटतपासणी होत नाही.

९. आपला धडा

हा परक्या देशाचा इतिहास म्हणून मिटून ठेवता येणार नाही. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायद्याने भारतीय पुरावा कायद्यात ६५-ब हे कलम आले. त्याचा साचा ब्रिटनच्या १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यातून घेतलेला होता आणि ब्रिटनने तो आधीच टाकून दिला होता. संगणक योग्य रीतीने चालत होता असे प्रमाणपत्र जोडल्याशिवाय त्यातून काढलेली प्रत पुराव्यात घेऊ नये, असा त्याचा आशय. जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे पुन्हा सांगितले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात तज्ज्ञाच्या सहीचीही भर पडली. ही अट राखण्यासारखीच आहे. पण प्रमाणपत्र देणारा बहुधा यंत्राचा मालकच असतो, हे लक्षात ठेवले पाहिजे. मालकाच्या सहीने यंत्र तपासले जात नाही. यंत्राचे दोष, दुरुस्त्या आणि तक्रारी यांची नोंद मागण्याचा हक्क आरोपीला प्रत्यक्षात मिळाला आणि ती वाचू शकणारा तज्ज्ञ त्याला राज्याच्या खर्चाने मिळाला, तरच या कलमात प्राण येईल.

भरपाईच्या बाबतीत तर आपण फारच मागे आहोत. १९८३ मध्ये रुदुल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला ३५,००० रुपये देवविले. मार्च २०१९ मध्ये महाराष्ट्रातील भटक्या जमातीच्या सहा मजुरांना त्याच न्यायालयाने निर्दोष ठरवले. दहा वर्षांपूर्वी त्याच न्यायालयाने त्या सहाही जणांना फाशी सुनावली होती. हे लोक अतिशय गरीब, खालच्या थरातले, म्हणून त्यांना खोटे गोवले गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असे न्यायालयाने नोंदवले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तेथे यंत्र नव्हते, माणसाचाच तपास होता. पण हिशेब पाहा: सोळा वर्षांचे पाच लाख. हेही न्यायालयाच्या अनुकंपेने. कायद्याने दिलेला हक्क म्हणून नव्हे. २०१८ मध्ये भारतीय विधी आयोगाने आपल्या २७७ व्या अहवालात चुकीच्या खटल्यांच्या भरपाईसाठी स्वतंत्र कायदेशीर व्यवस्था सुचवली होती. त्या शिफारशीचा आग्रह धरणे हे आपल्या चळवळीचे काम आहे.

रेशन दुकानातले यंत्र म्हणते अंगठा जुळत नाही. कचेरीतला पडदा म्हणतो यादीत नाव नाही. समोरची बाई जिवंत उभी असते, तिचा हात कष्टाने झिजलेला असतो, आणि खिडकीमागचा माणूस तिच्याकडे न पाहता पडद्याकडे पाहतो. ती घरी परतते ती आपलेच काही चुकले असेल या समजुतीने. कार्यकर्त्याने प्रथम तिला सांगायचे ते हे, की तू एकटी नाहीस. मग तिच्यासारख्यांची वस्तीनिहाय यादी करायची. तारीख, वेळ, यंत्राने दाखवलेला आकडा आणि नाकारणाऱ्याचे नाव लिहून ठेवायचे. त्या लिहिण्यातून यंत्राच्या दप्तरासमोर माणसांचे दप्तर उभे राहते. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळावे लागले, कारण त्यांना ते वाचता येत नव्हते. आपल्याला वाचता येते. तेव्हा जाळण्याऐवजी आपण ते उघडायला लावले पाहिजेत.